कंदिलाची काच आणि दिव्याची शेड

चिखलदऱ्याला आलेला माणूस हरिकेन पॉइंटवर गेल्याशिवाय सहसा परत जात नाही. समोर गाविलगड, खाली खोल दरी आणि वारा असा, की डोक्यावरची टोपी हातात धरावी. हरिकेन म्हणजे वादळ. आपल्याकडे मात्र हा शब्द घरोघर पोचला तो वादळामुळे नव्हे, कंदिलामुळे. वाऱ्यात न विझणारा तो हरिकेन कंदील. वऱ्हाडात कोणी त्याला लालटेनही म्हणतात.

आम्ही काही विज्ञानशिक्षक एका शिबिरासाठी हिवाळ्यात चिखलदऱ्याला मुक्कामाला होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वीज गेली. आमच्यापैकी एकाने चार्जिंगचा उघडा एलईडी दिवा टेबलाच्या मधोमध ठेवला. उजेड भरपूर पडला, पण टेबलाभोवती बसलेल्या कोणालाच नीट वाचता येईना. पुस्तकावरून नजर जरा वर गेली की डोळे दिपत आणि पुन्हा पानाकडे पाहिले की अक्षरे काळवंडत. तेवढ्यात चौकीदाराने एक जुना कंदील आणून ठेवला. त्याचा उजेड एलईडीच्या मानाने कितीतरी कमी होता, पण त्याच्याकडे सरळ पाहता येत होते. मग एका बाईंनी चित्रकलेचा कागद घेतला, पंख्यासारख्या बारीक घड्या घातल्या आणि त्याचे नळकांडे करून एलईडीभोवती उभे केले. तोच दिवा, तीच बॅटरी. पण आता सगळ्यांना वाचता येऊ लागले.

असे का झाले, या प्रश्नावर आमची ती रात्र गेली. उत्तर शोधता शोधता आम्ही चिखलदऱ्याहून ओगलेवाडीला आणि तिथून थेट डेन्मार्कला जाऊन पोचलो. तोच प्रवास या लेखात वाचकांपुढे मांडत आहोत.

तेल बदलले, दिवा बदलला

प्रथम कंदिलाकडे पाहू. रॉकेल येण्यापूर्वी वऱ्हाडात जवस, करडई अशा बियांचे तेल दिव्यात जळे, तर मेळघाटात मोहाच्या बियांचे. ही तेले दाट असतात. वातीच्या धाग्यांमधून केशाकर्षणाने ती वर चढतात खरी, पण फार उंच नाही. म्हणून पणतीत ज्योत तेलाच्या अगदी काठाशी असते. 1859 मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर खोदली गेली आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत त्या तेलापासून काढलेले रॉकेल जगभर गेले. इंग्रजी 'रॉक ऑइल'चे आपण 'रॉकेल' केले आणि 'गॅसलाइट'चे 'घासलेट'. रॉकेल पातळ असल्याने वातीतून बरेच वर चढते. त्यामुळे तेलाची टाकी खाली आणि ज्योत वर, अशी रचना करता आली.

टेबलदिव्याचा आकार इथे जन्माला आला. खाली जड बूड, त्यावर ज्योत, ज्योतीभोवती काच आणि काचेभोवती शेड. विजेच्या टेबलदिव्याला तेलाच्या टाकीची काहीच गरज नसते. तरीही आजचे कितीतरी टेबलदिवे खाली फुगीर आणि वर शेड असेच दिसतात. पूर्वजांची ही ठेवण त्यांनी अजून सोडलेली नाही.

काचेचे काम दुहेरी असते. ती वारा अडवते आणि शिवाय धुराड्यासारखे काम करते. तापलेली हवा वर जाते, खालून ताजी हवा ओढली जाते, ज्योतीला पुरेसा प्राणवायू मिळतो आणि काजळी कमी धरते. पण ही काच फार नाजूक. तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की ती तडकते. काच उष्णतेची मंद वाहक आहे. थेंब पडलेली जागा आकसते, शेजारचा भाग मात्र तापून प्रसरण पावलेलाच राहतो आणि त्या ताणाने तडा जातो.

अशा काचा पूर्वी परदेशातून येत. 1914 मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि जर्मनी-ऑस्ट्रियाकडून येणारा काचमाल थांबला. तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना 1908 मध्येच सुरू झालेला होता. 1916 मध्ये औंध संस्थानात, कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी आपला काच कारखाना काढला. कारखान्यामुळे त्या गावाचे नावच ओगलेवाडी पडले. त्यांचा 'प्रभाकर' कंदील पुढे महाराष्ट्रात घरोघर गेला. प्रभाकर हे ओगले बंधूंच्या वडिलांचे नाव आणि सूर्याचेही. ज्या पिढीने या कंदिलाच्या उजेडात बाराखडी गिरवली, ती पिढी आज आजी-आजोबांची आहे. राखेने काच पुसणे आणि कात्रीने वात सारखी करणे ही घरातल्या मुलांची रोजची कामे असत.

जास्त उजेड, कमी दिसणे

आता विजेच्या दिव्याकडे वळू. एडिसनने 1879 मध्ये दीर्घकाळ पेटवून दाखवलेल्या दिव्यातली तार म्हणजे जाळून कोळसा केलेला सुती धागा होता. कापसाच्या मुलखातील आपल्या विद्यार्थ्यांना हे अवश्य सांगावे. कंदिलाची वात कापसाची आणि विजेच्या दिव्याची पहिली यशस्वी तारही कापसाचीच! पुढे टंगस्टनची तार आली आणि दिवा अधिकाधिक प्रखर होत गेला.

इथेच एक नवी अडचण उभी राहिली. दिव्यातून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो ही एक गोष्ट. तो केवढ्या पृष्ठभागातून बाहेर पडतो ही दुसरी. रॉकेलच्या ज्योतीच्या एका चौरस सेंटिमीटरमधून साधारण एका मेणबत्तीइतका प्रकाश येतो. टंगस्टनच्या तारेच्या तेवढ्याच क्षेत्रातून त्याच्या शेकडो पट येतो. डोळा या प्रखर ठिपक्याशी जुळवून घेतो, बाहुली आकसते आणि मग शेजारचे पान अंधारे वाटू लागते.

आमच्या टेबलावर नेमके हेच घडले होते. समजा, एलईडीची चकती एक चौरस सेंटिमीटरची आहे. तिच्याभोवती 10 सेंटिमीटर व्यासाचे आणि 20 सेंटिमीटर उंचीचे कागदी नळकांडे उभे केले, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे 628 चौरस सेंटिमीटर होते. प्रकाशाचा थोडा भाग कागद शोषून घेतो. पण उरलेला प्रकाश सहाशे पटींहून मोठ्या पृष्ठभागावर पसरतो आणि चकाकी त्या प्रमाणात घटते.

उत्तरेकडच्या लांब रात्री

हा विचार विसाव्या शतकात ज्यांनी चिकाटीने केला, त्यांत डेन्मार्क, स्वीडन आणि फिनलंड या देशांतले वास्तुरचनाकार पुढे होते. त्यामागे भूगोलही असावा. चिखलदरा 21 अंश उत्तर अक्षांशाच्या थोडे वर आहे. इथे डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस पावणेअकरा तासांच्या आसपास असतो. कोपनहेगन जवळपास 56 अंशांवर. तिथे तो दिवस जेमतेम सात तासांचा. हिवाळाभर दिव्याखाली जगणाऱ्यांना दिवा कसा आहे याची पर्वा करावीच लागते.

आमच्या शिबिरातल्या बाईंनी जे केले, ते 1901 मध्ये येन्सेन-क्लिंट या डॅनिश वास्तुरचनाकाराने केले होते. त्याने रॉकेलचा एक टेबलदिवा घडवला होता. त्याचे बूड भट्टीत भाजलेल्या टणक मातीचे होते. त्यावर त्याने घड्या घातलेली कागदी शेड बसवली. घडीने कागदाला दोन गुण येतात. पातळ कागद ताठ उभा राहतो, आणि प्रत्येक घडीची एक बाजू उजळ व दुसरी सावलीत राहिल्याने उजेड एकसुरी वाटत नाही. घरगुती हौसेची ही कला पुढे त्याच्या मुलाने व्यवसायात आणली आणि 1943 मध्ये 'ले क्लिंट' ही कंपनी निघाली.

दुसरे नाव पोल हेनिंगसेनचे (1894-1967). त्याच्या बालपणी घरात रॉकेलचे दिवे होते. वीज आल्यावर उजेड वाढला, पण त्यातला सौम्यपणा गेला, हे त्याला खटकले. 1925-26 च्या सुमारास त्याने एकाखाली एक अशा तीन शेडचा दिवा तयार केला. या शेडचा वाक लॉगरिथमी सर्पिलाकाराचा आहे. गणिताच्या शिक्षकांना त्याचा गुणधर्म ठाऊक असेलच. सर्पिलाच्या केंद्रातून निघालेली प्रत्येक रेषा वक्राला एकाच कोनात भेटते. बल्ब त्या केंद्राशी ठेवला की प्रत्येक किरण शेडवर सारख्याच कोनात पडतो आणि टेबलावर हलका, सारखा उजेड पसरतो. बल्ब मात्र कुठूनही डोळ्यांना दिसत नाही.

बल्बचे कारखानदार दर थोड्या वर्षांनी बल्बचा आकार बदलत. तेव्हा 1958 मध्ये हेनिंगसेनने अशी शेड केली, की आत कोणताही बल्ब लावला तरी तो डोळ्यांआड राहावा. आज त्या दिव्यांत लोक एलईडी लावतात आणि शेड आपले काम पूर्वीसारखेच करते.

चार पदार्थ

या जुन्या टेबलदिव्यांना आज जगभर मागणी आहे. त्यांचे सौंदर्य बव्हंशी चार पदार्थांतून आले आहे.

पहिला पदार्थ दुधी काच. साध्या काचेचा पृष्ठभाग घासला, तर प्रकाश फक्त पृष्ठभागाशी विखुरतो. दुधी काचेत फ्लोराइडसारख्या पदार्थांचे सूक्ष्म कण अंगभर असतात आणि प्रकाश त्यांवर आदळून सर्व दिशांना जातो. पाण्याच्या पेल्यात दुधाचे दोन थेंब टाकून त्यातून विजेरीचा झोत सोडला, की हे वर्गात दाखवता येते.

दुसरा पदार्थ तांबे आणि पितळ. हे धातू पातळ पत्र्याच्या रूपात हवे तसे वाकवता येतात, आणि त्यांवरून परतलेला उजेड पिवळसर-तांबूस होतो. थोडक्यात, ज्योतीच्या रंगाकडे झुकतो.

तिसरा पदार्थ कागद. त्याविषयी वर सांगितलेच आहे.

चौथा पदार्थ साग, आणि इथे आम्ही पुन्हा मेळघाटात येतो. 1950 आणि 1960 च्या दशकांत डेन्मार्कमध्ये सागाचे फर्निचर आणि सागाच्या बुडाचे दिवे यांची लाट आली. सागात नैसर्गिक तेल असते, तो ओल-उन्हात फारसा वाकत नाही आणि त्याला वाळवीही सहसा लागत नाही. त्यात सिलिका असल्याने हत्यारांची धार लवकर बोथट होते, ही सुतारांची जुनी तक्रार. कठीण कार्बाइडची पाती आल्यावर ती अडचण कमी झाली. पण डेन्मार्कमध्ये साग उगवत नाही. 1897 मध्ये स्थापन झालेली डेन्मार्कची ईस्ट एशियाटिक कंपनी सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, सागाचा व्यापार करीत होती. आग्नेय आशियातल्या जंगलांचे शंभर-शंभर वर्षांचे साग असे उत्तर युरोपच्या टेबलांवर गेले. जंगले आटत गेली आणि 1989 मध्ये थायलंडने नैसर्गिक जंगलातली तोड बंद केली. जुन्या दिव्याच्या बुडातला तो साग आज पुन्हा मिळणे कठीण आहे.

मेळघाटही सागाचे जंगल. व्याघ्रप्रकल्पाची देशातली पहिली जी नऊ राखीव क्षेत्रे 1973-74 मध्ये ठरली, त्यांत मेळघाट होते. तिथला उभा साग पाहताना आमच्या मनात आले, की वस्तू सुंदर आहे एवढे पाहणे पुरेसे नाही. तिचा पदार्थ कुठून आला, हाही विज्ञानाचाच प्रश्न आहे.

वर्गात काय करता येईल?

आज गावोगावी एलईडी पोचला आहे. ज्या उजेडासाठी आपल्या आजोबांनी वाती कापल्या, त्याच्या अनेक पट उजेड थोडक्या विजेत मिळतो. पण घराघरात तो उघडाच, डोळ्यांच्या रेषेत टांगलेला असतो आणि त्याखाली मुले तासन्‌तास अभ्यास करतात. बल्ब किती वॉटचा आहे हे आपण विचारतो. त्याचा उजेड पानावर पडतो की डोळ्यांत, हे विचारत नाही.

विद्यार्थ्यांकडून तीन शेड करून घ्याव्यात. एक साध्या कागदाची, एक पतंगाच्या कागदाची आणि एक घड्यांची. प्रत्येक शेड लावून त्याच पानावरचा मजकूर किती अंतरावरून वाचता येतो, हे मोजावे. कागद एलईडीपासून दूर आणि वरून उघडा ठेवावा. तारेच्या जुन्या बल्बवर किंवा ज्योतीवर हा प्रयोग करू नये, कारण त्या उष्णतेने कागद पेटू शकतो.

शिबिर संपले, सामान बांधून झाले. बाई टेबलावरची कागदी शेड चुरगळून टाकणार, एवढ्यात चौकीदार म्हणाला, "राहू द्या नं बाई ते. पोरगी दहावीत हाये."

बाईंनी ती शेड त्याला दिली आणि जाण्यापूर्वी घड्या कशा घालायच्या तेही दाखवले.