शालापत्रक ते व्हॉट्सअ‍ॅप : गुरुजींनी गुरुजींकडून शिकायचं कसं?



आमच्या नात्यागोत्यात शिक्षक पुष्कळ. त्यामुळे चार मंडळी जमली की मोबाइलवरच्या शिक्षकांच्या गटांचा विषय निघतोच. कुणी म्हणतं, "या गटांमुळे मी खरी शिकवायला शिकले." तर दुसरं कुणी म्हणतं, "या गटांनी माझी रात्रीची झोप घालवली." दोन्ही म्हणणी खरी आहेत. एकच साधन एकाला गुरू वाटतं आणि दुसऱ्याला मुकादम, हे कसं? याचा विचार करताना थोडं मागे जावंसं वाटलं. थोडं म्हणजे दीडशेहून अधिक वर्षं!

आधी एक गोष्ट सांगतो. शिक्षकाचं काम माणसांच्या गराड्यात चालतं, पण तो असतो एकटा. नवा वकील कोर्टात बसून दुसऱ्याचा युक्तिवाद ऐकतो. शिकाऊ डॉक्टर मोठ्या डॉक्टरांच्या मागून वॉर्डात फिरतो. सुतार तर मिस्त्रीच्या हाताखालीच तयार होतो. शिक्षक मात्र डी.एड. संपवून एकदा वर्गात शिरला की तीस-पस्तीस वर्षं आपला आपण शिकवत राहतो. शेजारच्या वर्गातले गुरुजी हातच्याची वजाबाकी कशी समजावतात हे त्याला निवृत्तीपर्यंत कळत नाही. वसईच्या पूर्व पट्ट्यात मी दोनशिक्षकी शाळेवर होतो. सोबती रजेवर गेले की चार इयत्ता आणि मी एकटा. अडलं तर विचारायचं कुणाला? भिंतीला?

हा एकाकीपणा तोडण्याचा आपल्याकडचा एक जुना प्रयत्न म्हणजे 'मराठी शालापत्रक'. साल १८६१. शिक्षणखात्याचं हे मासिक कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी संपादित केलं. गावोगावच्या पंतोजींना नव्या पद्धतीचं शिक्षण कसं द्यायचं ते कळावं, चार नव्या विषयांची माहिती व्हावी, हा हेतू. पुढे त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री त्याचं काम पाहू लागले. 'निबंधमाला' काढण्याआधी विष्णुशास्त्र्यांची लेखणी या शिक्षकांच्या मासिकातच घासून तयार झाली. मग त्यात सरकारला न रुचणारी टीका येऊ लागली आणि १८७५ मध्ये ते मासिक बंद पडलं. शासनाचं 'जीवन शिक्षण' मासिक आपलं मूळ १८६१च्या याच पत्रकात सांगतं. म्हणजे नाव पुढे टिकलं. पण मला यात बोध दिसतो तो वेगळाच. खात्याने शिक्षकांसाठी व्यासपीठ उभारलं आणि त्यावरून वेगळा सूर निघताच ते व्यासपीठ उरलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती पुन्हा भेटणार आहे.

दुसरं उदाहरण आपल्या अंगणातलं. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेकांबरोबर १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. त्या संघाची 'शिक्षणपत्रिका' आधी गुजरातीत आणि नंतर मराठीतही निघू लागली. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी बोरिवलीच्या एका शिबिरात अनुताई वाघ त्यांना भेटल्या आणि त्याही बोर्डीला आल्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तेव्हा हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यात होता, पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांकडे न्यायची, या विचारातून अंगणवाडी आणि कुरणशाळा आल्या. गुरं राखणारी पोरं जिथे, तिथे शाळा!

कोसबाडला शिकायला जाणाऱ्या बाया नुसती भाषणं ऐकून परतत नव्हत्या. काम चालू असताना बघायचं, स्वतः करून पाहायचं, चुकलं तर लगेच विचारायचं. पत्रिका हा अनुभव लांबच्यांपर्यंत पोहोचवायची. टेकडीवर प्रत्यक्ष दर्शन आणि पत्रिकेतून संवाद, अशी ती जोडी होती. आजच्या भाषेत याला प्रशिक्षण आणि नेटवर्किंग म्हणतात म्हणे.

त्यानंतरचा टप्पा मी स्वतः पाहिला. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर देशभर शिक्षकांची सामूहिक प्रशिक्षणं सुरू झाली. मग १४ नोव्हेंबर १९९४च्या शासन निर्णयाने राज्यात ४८६० केंद्रं आणि तितकेच केंद्रप्रमुख आले. जवळपासच्या शाळांचं एक केंद्र करायचं, शिक्षकांनी ठराविक दिवशी एकत्र बसायचं, एकाने पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी पाहायचा आणि चर्चा करायची. कल्पना उत्तम! काही केंद्रांत हे मनापासून चाले. पण मी ज्या बैठकांना बसलो त्यांतल्या बऱ्याच बैठकांचा वेळ टपाल वाटण्यात आणि तक्ते भरून घेण्यात जाई. खरं शिक्षण होई ते चहाच्या वेळी. "तुमच्या पोरांना जोडाक्षरं जमतात का हो?" असं कुणी विचारी आणि पाच मिनिटांत तीन युक्त्या मिळत. गंमत म्हणजे त्या चहाची नोंद इतिवृत्तात कधीच नसे.

मग आला मोबाइल. व्हॉट्सअ‍ॅप २००९ साली निघालं. २०१४-१५च्या सुमारास ते खेड्यापाड्यांतल्या शिक्षकांच्या हाती दिसू लागलं आणि तो चहाचा अड्डा एकदम राज्यभर पसरला. अकोले तालुक्यातले प्राथमिक शिक्षक भाऊसाहेब चासकर यांच्या पुढाकारातून 'अ‍ॅक्टिव्ह टीचर्स फोरम' उभा राहिला. असे इतरही गट झाले. कुणाच्या आदेशावाचून शिक्षक आपलं काम एकमेकांना दाखवू लागले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटली. मला त्या पुरस्काराइतकाच हा वाटपाचा निर्णय मोठा वाटतो.

सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचं उदाहरण तर शिकवणारं आहे. तिथल्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादाने वर्ग बदलून दाखवले. राज्यभरातून शिक्षक ते बघायला गेले. २२ जून २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय आला आणि असे फोटो मोबाइलवरून घरोघर फिरले. बघता बघता शाळांच्या फरशा रंगल्या. पण फोटोत काय येतं? फरशीवरची आकृती येते. त्या आकृतीवर बसलेल्या पोराला बाईंनी काय विचारलं, तो चुकल्यावर त्या किती वेळ थांबल्या, हे फोटोत येत नाही. जे शिक्षक प्रत्यक्ष जाऊन बसले त्यांनी विचारण्याची रीत आणली. ज्यांनी फक्त फोटो पाहिला त्यांच्याकडे रंग आला. कोसबाडची टेकडी आणि पत्रिका ही जोडी का हवी, ते इथे कळतं.

माझी एक भाची जव्हार तालुक्यात दोनशिक्षकी शाळेवर आहे. पहिलीची मुलं घरी वारली बोलणारी. पुस्तकातले साधे साधे शब्द त्यांना परके. तिने गटावर अडचण मांडली. दुसऱ्या दिवसापर्यंत डहाणू, विक्रमगडच्या शिक्षकांनी आपापल्या शब्दयाद्या पाठवल्या आणि एकाने आपल्या वर्गातल्या मुलांचा आवाजच रेकॉर्ड करून धाडला. मला हे मिळवायला पाच वर्षं लागली असती.

त्याच भाचीच्या मोबाइलवर दुसरा एक गट आहे. तिथे रात्री साडेनऊला निरोप येतो : "उद्या अकरापर्यंत माहिती भरा, फोटो टाका." खाली "ओके सर, ओके सर" अशी रांग. कुणी काही विचारलं तर "गटावर चर्चा नको." करोनात मार्च २०२० पासून शाळा बंद झाल्या तेव्हा ऑनलाइन प्रशिक्षणांचाही पूर आला. त्यातलं एक तिने कसं केलं माहीत आहे? मोबाइलवर चित्रफीत चालू आणि ही गॅसवर भात टाकतेय. शेवटी प्रमाणपत्र मिळालंच! दोष तिचा नाही. समोरचा पडदा तिला काही विचारू देत नव्हता.

म्हणून मला वाटतं, भांडण मोबाइलशी नाही. १८६१चं छापील पत्रक असो की आजचा गट, प्रश्न एकच : इथे प्रश्न विचारायची मुभा कुणाला आहे? वर्गात अडलेल्या शिक्षकाला असेल तर शिकणं होतं. फक्त वरून विचारणा होत असेल तर ते टपाल आहे, त्याला प्रशिक्षण म्हणू नये. गटाची मर्यादा २०१६ मध्ये २५६ होती, २०२२ मध्ये १०२४ झाली. हजार माणसांत "मला हे शिकवता येत नाही" असं कोण म्हणेल? ते दहा-वीस ओळखीच्या माणसांतच म्हणता येतं.

आमच्या घरच्या नव्या शिक्षकांना म्हणूनच सांगतो. आदेशाचा गट वेगळा ठेवा, तो असायचाच. पण आपल्या आसपासच्या दहा-बारा जणांचा एक छोटा गट करा. त्यात शुभेच्छा नकोत, सुविचार नकोत. आठवड्याला एकाने अडलेलं सांगायचं, बाकीच्यांनी करून पाहिलेलं सांगायचं. आणि सत्रातून एकदा तरी एकमेकांच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसा. एसटीचा खर्च होईल, रजा मागावी लागेल, पण जे दिसेल ते कोणत्याही चित्रफितीत नाही.

तुमच्यापैकी जे बँकेत, दवाखान्यात, कारखान्यात आहेत त्यांच्याकडे काय रीत आहे? नवा माणूस तुमच्याकडे काम कुणाकडून शिकतो? जरूर कळवा.