खेत्रीचा हिरवा दगड

शेखावाटीने फौजेला किती जवान दिले, हे आपण सगळे जाणतो. त्याच मातीने देशाला तांबेही दिले, हे फारसे कुणाला आठवत नाही. झुंझुनू जिल्ह्यातले खेत्री हे त्या तांब्याचे गाव.

डायनासोरांच्याही कितीतरी आधी, अरवलीच्या खडकांतल्या भेगांमधून खारट, उकळते पाणी वाहत होते. त्यात विरघळलेले तांबे, लोह आणि गंधक पाणी थंडावताच भेगांत साचले. तेच सोनेरी पिवळे कॅल्कोपायराइट. पुढे डोंगर झिजले, पावसाचे पाणी आणि हवा खनिजापर्यंत पोहोचली. गंधकाचे आम्ल होऊन तांबे विरघळले. त्यातले काही वरच हिरवे मॅलाकाइट आणि निळे अझुराइट बनून राहिले, काही खाली झिरपले. माथ्यावर उरली गंजासारखी तांबडी लोहमाती.

माणसाने हा हिरवा डागच खूण म्हणून ओळखला. मॅलाकाइट कोळशाच्या भट्टीत टाकले की तांबे सुटते. कॅल्कोपायराइट मात्र आधी भाजून गंधक घालवावे लागते. शेजारच्या सीकर जिल्ह्यात गणेश्वरला साडेचार हजार वर्षांपूर्वीचे बाणाग्र, गळ आणि कुऱ्हाडी शेकड्यांनी सापडल्या. म्हणजे हत्यारांसाठी लागणारा धातू इथे तेव्हापासून निघतो आहे. ऐन-ए-अकबरीतही जवळच्या सिंघाण्याच्या तांब्याच्या खाणीची नोंद आहे.

स्वातंत्र्यानंतर 1967 मध्ये हिंदुस्थान कॉपर स्थापन झाली आणि खेत्रीत खाण ते शुद्ध धातू असा पूर्ण कारखाना उभा राहिला. आज खाण चालू आहे, पण तिथली वितळभट्टी 2008 पासून बंद आहे. शंभर किलो दगडातून जेमतेम एक किलो तांबे मिळते. परदेशी तांबे त्याहून स्वस्त पडते, हा हिशेब शांततेच्या काळात बरोबरच वाटतो.

पण काडतुसाच्या पितळेत 70 टक्के तांबे असते आणि लढाईत समुद्रमार्ग आपल्या सोयीने चालत नाहीत. फायरिंगनंतर रिकामे खोखे मोजून जमा करायला लावले की नवे रंगरूट कुरकुरतात. मी त्यांना एवढेच सांगतो : बाबांनो, गोळी कारखान्यात एका दिवसात बनते. तिचे तांबे बनायला पृथ्वीला कोट्यवधी वर्षे लागली आहेत. मोजा नीट.