बलकातली शिदोरी

गाय व्याली की तिचे पहिले दूध म्हणजे चीक. गाभण गाईच्या वारेतून वासराच्या रक्तात प्रतिपिंडे उतरत नाहीत. ती त्याला चिकातूनच मिळतात. कोंबडी पिलांना पाजत नाही. म्हणून ही शिदोरी ती अंड्याच्या बलकात भरून ठेवते.

हे प्रथम ताडले फेलिक्स क्लेम्पेरर या जर्मन डॉक्टरने. बेहरिंग आणि कितासातो यांनी १८९० मध्ये रक्तजलातून रोगप्रतिकारशक्ती देता येते हे सिद्ध केले होते. क्लेम्पेररने १८९३ मध्ये कोंबड्यांना धनुर्वाताविरुद्ध टोचले आणि त्यांच्या अंड्यांचा बलक उंदरांना दिला. उंदरांचे धनुर्वातापासून रक्षण झाले. पण पुढे जवळजवळ शतकभर तिकडे फारसे कोणी वळले नाही. घोड्याच्या रक्तातून एका वेळी काही लिटर माल मिळत असताना अंडी कोण फोडत बसणार? आपल्याकडेही हाफकिनच्या पिंपरीतील घोड्यांच्या रक्तातूनच सर्पदंशावरचे औषध तयार होत आले.

बलकातील प्रतिपिंडाला १९६९ मध्ये 'आयजीवाय' हे नाव मिळाले. १९९६ मध्ये युरोपातील तज्ज्ञांनी प्राण्यांचे रक्त काढण्याऐवजी अंडी वापरावीत, अशी शिफारस केली. जनावरांच्या यातनांचा विचार होऊ लागला, तेव्हा कुठे क्लेम्पेररचे दिवस फिरले. लस टोचलेल्या कोंबडीच्या एका अंड्यातून सुमारे शंभर मिलिग्रॅम प्रतिपिंडे मिळतात आणि तिचे रक्त काढावे लागत नाही.

नागपुरात १९५८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. मीही पशुवैद्यक, त्यामुळे मला यात रस आहे तो वासरांच्या हगवणीपुरता. ती पुष्कळदा रोटाव्हायरस या विषाणूमुळे होते आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. जपानमध्ये १९९० च्या दशकात अशी प्रतिपिंडे असलेली बलकाची भुकटी वासरांना दुधातून दिली, तेव्हा हगवण आटोक्यात आली. मात्र बाजारातले कुठलेही अंडे पाजून हे साधत नाही. कोंबडीला त्याच जंतूविरुद्ध टोचलेले असावे लागते. फार उष्णतेने किंवा जठरातील तीव्र आम्लाने प्रतिपिंडे निकामी होतात, हेही ध्यानात ठेवावे.

वार पडेपर्यंत वासराला चीक पाजायचा नाही, अशी समजूत आपल्याकडे अजून आढळते. त्यात मोलाचे तास निघून जातात. पहिल्या दिवसानंतर वासराचे आतडे प्रतिपिंडे रक्तात घेत नाही. अंड्याची भुकटी उद्या गावोगावी मिळू लागली, तरी ती चिकाची जागा घेणार नाही. वासरू जन्मल्यावर तासा-दोन तासांत त्याला चीक पाजा. त्याला पैसाही लागत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)