मोटारगाडीतील मंदगती-दोष व त्याची विद्युत् परीक्षा

बॅटरी व कॉइल यांवर चालणारे प्रज्वलन १९१० मध्ये कॅडिलॅक मोटारीत आले. कुर्ला येथे बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीतही तेच तत्त्व होते. मुंबई–आग्रा व सुरत–नागपूर हे महामार्ग धुळ्यास मिळतात. दुसरा पुढे जळगावास जातो. या वाटेवर एंजिन मंदगतीस अडखळू लागताच कार्ब्युरेटर खोलण्याची घाई पुष्कळदा व्यर्थ ठरे. प्लगांच्या तारा एकेक करून काढीत. जी काढूनही गती घटत नसे, त्या सिलिंडरात दोष मानीत. त्याचा प्लग दुसरीकडे बसविता दोष सोबत गेला, तर प्लगच निकामी. एरवी तार व वितरकाचे झाकण पाहावे लागे. खानदेशातील उन्हाळ्यात तापमान ४५° से. पर्यंत चढते. थंड असता निर्दोष भासणारी कॉइल तापल्यावर दगा देते. म्हणून ती गरम असतानाच तपासणे इष्ट.