संघाचा धनी कोण?

उज्जैनच्या रेल्वे स्टेशनातून बाहेर पडलेला प्रवासी थोडे चालला, की देवास गेटपाशी येऊन पोहोचतो. बसगाड्यांचा गलबला, पोहे-जिलबीच्या गाड्या आणि महाकालाच्या दर्शनाला निघालेली माणसे यांनी हा भाग सदा गजबजलेला असतो. नाव उज्जैनातल्या जागेचे. पण त्या नावातच दुसऱ्या गावाची वाट आहे. १९४८ पूर्वी ही वाट धरणारा मनुष्य एका दिवसात चार राजांच्या हद्दी ओलांडू शकत असे. उज्जैन ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे. देवास एकच गाव असूनही थोरल्या व धाकट्या पातीच्या दोन पवारांचे. आणि उज्जैनपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरचे इंदूर होळकरांचे. राजे चार होते, पण माळवा एकच होता आणि भाकरीची चवही एकच होती.

त्या काळी उज्जैनात राहणाऱ्या क्रिकेटप्रेमी मनुष्यापुढे एक चमत्कारिक पेच होता. आपला संघ कोणता म्हणावा? कायद्याने तो शिंद्यांचा प्रजाजन. आणि ग्वाल्हेरचा संघ रणजी स्पर्धेत १९४३-४४ च्या हंगामात अवघा एक सामना खेळलेला. इकडे शेजारच्या इंदुरात मात्र साऱ्या हिंदुस्थानाला धाक घालणारा होळकरांचा संघ उभा होता. मनाने तो संघ आपला मानावा, तर त्याचा धनी परका राजा. एखाद्या संघावर प्रेम करण्याचा अधिकार सर्वांना असतो, पण त्याच्याविषयी निर्णय घेण्याचा अधिकार फार थोड्यांना असतो. या विसंगतीची जाणीव माळव्याला अशी लवकर झाली.

संघ हरू लागला, की प्रेक्षकाच्या तक्रारी बहुधा दोन असतात. शिकवणाऱ्याला शिकवता येत नाही, ही पहिली. आणि ज्याचा पैसा आहे त्याला खेळाची आच नाही, ही दुसरी. आज या तक्रारी फुटबॉलच्या मैदानावर सर्वांत मोठ्याने ऐकू येतात. परंतु आश्रयदात्याचे औदार्य, त्याचा लहरीपणा आणि त्याच्या मागे उरणारी पोकळी या तिन्ही गोष्टी या देशाने फुटबॉलच्या आधी क्रिकेटमध्ये अनुभवल्या. इंदूरचा इतिहास त्याची साक्ष देतो.

१९२३ साली होळकर दरबाराने नागपूरच्या एका उंच, ताठ कण्याच्या तरुणाला इंदुरास बोलावून घेतले आणि आपल्या सैन्यात हुद्दा दिला. हा तरुण म्हणजे कोट्टारी कनकय्या नायडू, म्हणजेच पुढे सर्वांच्या तोंडी झालेले सी. के. नायडू. १९३२ साली लॉर्ड्‌सवर भारताने आपला पहिला कसोटी सामना खेळला तो त्यांच्याच नेतृत्वाखाली. यशवंतराव होळकरांच्या अमदानीत १९४१-४२ पासून इंदूरचा संघ होळकर या नावाने रणजी स्पर्धेत उतरू लागला. नायडूंच्या भोवती मुश्ताक अली, चंदू सरवटे, हिरालाल गायकवाड, माधवसिंह जगदाळे, भाऊसाहेब निंबाळकर असे खेळाडू जमले. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत या संघाने दहा वेळा अंतिम सामना गाठला आणि चार वेळा अजिंक्यपद मिळवले. १९४५-४६ मध्ये म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ अशी धावसंख्या उभारताना त्याच्या सहा फलंदाजांनी एकाच डावात शतके काढली. त्याच्या पराभवांनाही एक भव्यता होती. १९४५ च्या अंतिम सामन्यात मुंबईने विजयासाठी ८६७ धावांचे अशक्य आव्हान ठेवले, तेव्हा लष्करी नोकरीनिमित्त महूला असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून २४९ धावा करून नाबाद राहिला. होळकर ४९२ पर्यंत गेले आणि हरले. पण त्या पराभवाची कोणाला लाज वाटली नाही.

या यशाचे रहस्य केवळ राजाच्या तिजोरीत शोधणे चुकीचे ठरेल. तिजोऱ्या पुष्कळांकडे होत्या. होळकरांनी संघाला पैसा दिला, खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, परंतु मैदानावरची सत्ता जाणकाराच्या हाती सोपवली. नायडू कठोर शिस्तीचे होते. ढिलाई त्यांना खपत नसे आणि स्वतःला ते कधी सूट देत नसत. पन्नाशी उलटल्यावरही वेगवान गोलंदाजीपुढे ते पाय रोवून उभे राहत. ज्याला शिकवता येते त्याने शिकवावे आणि ज्याला देता येते त्याने द्यावे, असा हा श्रमविभाग होता.

हा श्रमविभाग मोडला की काय होते, याचे उदाहरण फार लांब नाही. १९३२ च्या दौऱ्यावर संघाचे नेतृत्व पोरबंदरच्या महाराजांकडे होते. परंतु कसोटीच्या दिवशी ते स्वतः बाजूला झाले आणि नायडूंना पुढे केले. स्वतःची मर्यादा ओळखणे हाही एक राजगुण आहे. चारच वर्षांनी, १९३६ मध्ये, विजयनगरमच्या महाराजकुमारांनी मात्र ते शहाणपण दाखवले नाही. कर्णधारपद त्यांनी स्वतःकडे ठेवले. नायडूंसारखा खेळाडू त्यांच्या हाताखाली खेळला, संघात तट पडले, लाला अमरनाथ यांना पहिल्या कसोटीपूर्वीच परत पाठवण्यात आले आणि तीनपैकी दोन कसोट्या भारताने गमावल्या. धनी जेव्हा गुरूच्या आसनावर बसतो तेव्हा खेळाडू खेळाकडे पाहणे सोडून धन्याच्या मुद्रेकडे पाहू लागतात.

डिसेंबर १९४८ मध्ये पुण्याला घडलेली घटना याहून चटका लावणारी आहे. भाऊसाहेब निंबाळकर त्या हंगामात महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध खेळत होते. ते ४४३ धावांवर नाबाद होते. डॉन ब्रॅडमनचा ४५२ धावांचा तेव्हाचा जागतिक विक्रम ओलांडण्यास केवळ दहा धावा हव्या होत्या. काठेवाडचे कर्णधार होते राजकोटचे ठाकूरसाहेब. आपल्याविरुद्ध असा विक्रम नोंदला जाणे त्यांना अपमानास्पद वाटले आणि त्यांनी सामनाच सोडून दिला. निंबाळकर त्या दहा धावांना कायमचे मुकले. त्यांच्याइतकेच मुकले ते मैदानाभोवती बसलेले प्रेक्षक. त्यांना कोणी काही विचारले नाही. प्रेक्षकाच्या साऱ्या वैतागाचे मूळ या एका वाक्यात आहे.

होळकरांच्या संघाचा शेवटही असाच, कोणाला न विचारता झाला. मात्र त्यात कोणाचा लहरीपणा नव्हता, काळाची गती होती. २८ मे १९४८ रोजी मध्य भारत अस्तित्वात आला. उज्जैन, देवास आणि इंदूर प्रथमच एका राज्यात आली आणि देवास गेटवरून निघालेल्या प्रवाशाला आता कोणाचीही हद्द ओलांडावी लागेना. होळकर हे नाव संघाने आणखी सात हंगाम टिकवले. १९५०-५१ आणि १९५२-५३ मध्ये अजिंक्यपदही मिळवले. त्यानंतर नायडू आंध्रकडे गेले. १९५४-५५ च्या अंतिम सामन्यात, तोही इंदुरातच, मद्रासने होळकरांना ४६ धावांनी हरवले आणि तो संघ त्या नावाने पुन्हा रणजी स्पर्धेत दिसला नाही. पुढे मध्य भारत आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मध्य प्रदेश, अशी नावे बदलत गेली. संस्थान गेले याचे दुःख करण्याचे कारण नाही. प्रजेची नागरिक झाली, ही गोष्ट कोणत्याही चषकाहून मोठी आहे. तथापि एक धडा राहतो. जो संघ एका व्यक्तीच्या औदार्यावर उभा असतो, तो त्या व्यक्तीची सत्ता किंवा इच्छा असेल तोवरच उभा असतो. वटवृक्षाची सावली गार असते खरी, पण तिच्याखाली दुसरे झाड वाढत नाही.

राजे गेले आणि त्यांची जागा उद्योगसमूहांनी घेतली. फुटबॉलच्या क्षेत्रात हा बदल ठळकपणे दिसतो. मुंबईत १९६२ साली महिंद्र कंपनीचा संघ स्थापन झाला. पुढे महिंद्र युनायटेड या नावाने त्याने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २००९-१० च्या हंगामानंतर तो कंपनीच्या निर्णयाने बंद झाला. पुण्यात २०१४ मध्ये उभा राहिलेला एफ. सी. पुणे सिटी २०१९ मध्ये विसर्जित झाला. गोव्याची कथा निराळी. शिवोली गावी १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या आयरिश धर्मगुरूंनी फुटबॉलची ओळख करून दिली, असे तेथे मानले जाते; आणि पुढे चर्चच्या पटांगणातून हा खेळ गावोगाव रुजला. त्या भूमीतील धेंपो, साळगांवकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तीन संघांनी २०१६ मध्ये राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. जुन्या संघांना दुय्यम लीगमध्ये ढकलून नव्या, विकत घेतलेल्या संघांच्या स्पर्धेला अग्रमान देण्याची योजना त्यांना मान्य नव्हती. येथे मालकांची बाजू न्यायाची असेलही. धेंपोने तर तोवर पाच वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले होते. परंतु महासंघ आणि मालक यांच्या भांडणात मडगावच्या फातोर्डा मैदानावर येणाऱ्या प्रेक्षकाची साक्ष कोणी काढली नाही.

अन्यत्र या प्रश्नाची उत्तरे शोधण्याचे प्रयत्न झाले आहेत. जर्मनीत १९९८ मध्ये व्यावसायिक संघांना कंपनीचे रूप घेण्यास परवानगी मिळाली, पण एका अटीवर. मतांचे बहुमत मूळ मंडळाच्या सभासदांकडेच राहिले पाहिजे. या नियमाला काही अपवाद आहेत. तरी पैसेवाल्याचे स्वागत आहे, पण घराची किल्ली घरच्यांकडेच राहील, असा त्याचा आशय. इंग्लंडमध्ये तसा नियम नाही. तेथे एप्रिल २०२१ मध्ये सहा श्रीमंत संघांच्या मालकांनी युरोपातील काही मोजक्या संघांची स्वतंत्र स्पर्धा काढण्याचे ठरवले, तेव्हा सामान्य प्रेक्षक रस्त्यावर उतरले आणि तीन दिवसांच्या आत सहाही संघांनी माघार घेतली. प्रेक्षकाकडे मत नसले, तरी आवाज असतो, एवढे त्यातून सिद्ध झाले.

मात्र प्रेक्षकाचा आवाज नेहमीच विवेकाचा असतो, असे म्हणता येणार नाही. धन्याविषयीच्या तक्रारीत बहुधा तथ्य असते. गुरूविषयीची तक्रार पुष्कळदा केवळ उतावळेपणाची असते. याचेही उदाहरण माळव्याजवळच आहे. एप्रिल १९९९ मध्ये मध्य प्रदेशाचा संघ बंगळूरला रणजीच्या अंतिम सामन्यात कर्नाटकाविरुद्ध खेळत होता. पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी मिळाली होती. अखेरच्या डावात संघ १५० धावांत कोसळला आणि ९६ धावांनी हरला. त्या संघाचे कर्णधार होते मुंबईचे चंद्रकांत पंडित. हातातोंडाशी आलेला घास गेला आणि त्याचा सल पंडितांच्या मनात राहिला.

पुढे पंडित प्रशिक्षक झाले. मुंबईला त्यांनी तीनदा आणि विदर्भाला लागोपाठ दोनदा रणजी चषक मिळवून दिला. २०२० मध्ये मध्य प्रदेशाने त्यांना पाचारण केले. त्यांची शिस्त कडक. नायडूंची आठवण व्हावी अशी. जून २०२२ मध्ये त्याच बंगळूरच्या मैदानावर मध्य प्रदेशासमोर मुंबईचा संघ उभा होता. यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार यांनी शतके केली, संघाने ५३६ धावा उभारल्या आणि आदित्य श्रीवास्तवच्या नेतृत्वाखाली सहा गडी राखून चषक जिंकला. मध्य प्रदेश या नावाने मिळालेले हे पहिले अजिंक्यपद. होळकरांच्या अखेरच्या विजयानंतर ६९ वर्षांनी आलेले. तेवीस वर्षांपूर्वीच्या पराभवाबद्दल कर्णधाराला कायमचे दोषी ठरवून टाकले असते, तर हा दिवस उगवला नसता.

उज्जैनच्या दृष्टीने या आनंदात एक हुरहूर मिसळलेली आहे. याच नगरीत जन्मलेल्या नमन ओझा यांनी वीस वर्षे मध्य प्रदेशासाठी यष्टिरक्षण केले. रणजी स्पर्धेत यष्टीमागे ३५१ बळी टिपून त्यांनी विक्रम केला. भारताकडून त्यांना एकच कसोटी सामना खेळायला मिळाला, २०१५ साली कोलंबोला. फेब्रुवारी २०२१ मध्ये ते निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी चषक आला. पेरणाऱ्याच्या पदरी कापणी येतेच असे नाही. हा न्याय शेतकऱ्याला ठाऊक असतो, खेळाडूलाही शिकावा लागतो.

तेव्हा संघाचा धनी कोण, या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. पैसा देणारा हा संघाचा पोशिंदा असतो, शिकवणारा त्याचा कारभारी असतो. पण पोशिंदे बदलतात आणि कारभारीही बदलतात. शिंदे, पवार, होळकर यांच्या हद्दी पुसल्या गेल्या. होळकरांचे नाव मात्र इंदूरच्या मैदानाला २०१० मध्ये पुन्हा देण्यात आले. कारण राजा विसरला तरी राजाने सांभाळलेला खेळ लोक विसरले नव्हते. लोकांच्या या स्मरणाची किंमत कोणत्याही हिशेबवहीत मांडलेली नसते. ज्या धन्याला ती कळते त्याचा संघ हरला, तरी प्रेक्षक त्याच्या पाठीशी राहतात. ज्याला कळत नाही त्याला जिंकलेल्या संघाकडूनही समाधान लाभत नाही. सामना संपल्यावर शेवटच्या बसने देवास गेटला उतरून घराकडे चालू लागणारा माणूस संघाचा मालक नसतो, हे खरे आहे. परंतु पुढच्या सामन्याला तो आला नाही, तर मालकाजवळ उरते ते नुसते मैदान.