वऱ्हाडातील घरांची छपरे

ऊन, पाऊस व वारा यांपासून घराच्या अंतर्भागाचे रक्षण करणारे सर्वांत वरचे आच्छादन म्हणजे छप्पर. वऱ्हाडात (अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ व वाशीम हे जिल्हे) गवताचे छप्पर, मातीचे धाबे, कवेलू म्हणजे देशी कौले, टिनाचे पत्रे आणि प्रबलित काँक्रीटचा स्लॅब हे छपरांचे पाच प्रमुख प्रकार आढळतात. एक प्रकार पूर्णपणे लोपून दुसरा रूढ झाला असे सहसा घडले नाही. पुष्कळ गावांत ते दीर्घकाळ शेजारी शेजारी नांदले. छपराचे आयुष्य केवळ त्याच्या द्रव्यावर ठरत नाही. ते पेलणारा सांगाडा व दरवर्षीची देखभाल यांवर ते अधिक अवलंबून असते, असे या प्रदेशातील गृहरचनेच्या इतिहासावरून दिसून येते.

प्रादेशिक पार्श्वभूमी : गाविलगडच्या टेकड्या व अजिंठ्याचे डोंगर यांमधील पूर्णा नदीचे खोरे (पायनघाट) खोल काळ्या मातीचे आहे. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे उथळ पायाच्या भिंती हलतात व त्यांवरील छपराचा तोल बिघडतो. अकोला परिसरात वार्षिक पर्जन्यमान सु. ७५ ते ८० सेंमी. असून मे महिन्यात तापमान ४५° से.च्या वर जाते. याउलट मेळघाटातील चिखलदरा येथे (उंची सु. १,११८ मी.) पाऊस याच्या जवळजवळ दुप्पट पडतो. यामुळे खोऱ्यात सपाट धाबे आणि डोंगराळ भागात उतरते छप्पर अशी विभागणी झाली. मेळघाटातील कोरकूंच्या घरांना कुडाच्या भिंती व सागवान-बांबूच्या सांगाड्यावर गवत किंवा कवेलू असे छप्पर असे. गवत दोन-तीन पावसाळ्यांनंतर बदलावे लागे. मात्र ते रानात उपलब्ध असल्याने या कामी पैशापेक्षा श्रमच अधिक लागत.

धाबे : भिंतींवर किंवा लाकडी खांबांवर तुळया (मयाल), त्यांवर आडव्या कड्या, त्यांवर काटक्या, पऱ्हाट्या किंवा पाला आणि सर्वांत वर चोपून बसविलेल्या मातीचा थर, अशी धाब्याची रचना असते. पाणी वाहून जाण्यासाठी त्यास किंचित उतार व कडेला पन्हाळी ठेवतात. थराकरिता पांढरीची किंवा खारी माती पसंत करीत. खाऱ्या मातीतील सोडियममुळे चिकणमातीचे कण ओले होताच विखुरतात व सूक्ष्म छिद्रे बुजवितात. परिणामी पाणी सहजासहजी खाली झिरपत नाही. पांढरीची माती जुन्या वस्त्यांच्या टेकाडांतून खणून आणण्याच्या प्रथेमुळे दख्खनमधील अनेक प्राचीन वसतिस्थानांचे नुकसानही झाले. धाब्यामुळे उन्हाळ्यात घर थंड राहते. शिवाय रात्री झोपण्यासाठी आणि कुरडया, पापड, मिरच्या वाळविण्यासाठी त्याचा उपयोग होतो.

मृगापूर्वी धाब्याच्या भेगा बुजवून वर नवी माती टाकणे हे दरवर्षीचे काम असे. तथापि जुनी माती न काढता नवी टाकीत गेल्यास भार वाढत जातो. ३ × ४ मी. आकाराच्या खोलीवर ३० सेंमी. जाडीचा थर असल्यास त्या मातीचेच वजन सु. ६ टन होते. त्यावर प्रत्येक १ सेंमी. वाढीने सु. २०० किग्रॅ.ची भर पडते आणि झडीच्या दिवसांत माती भिजली म्हणजे भार आणखी वाढतो. गळती थांबविणारा हा उपचारच अशा रीतीने तुळयांचे आयुष्य कमी करतो. अशा जड छपरांचा धोका ३० सप्टेंबर १९९३ रोजी मराठवाड्यातील किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात प्रकर्षाने दिसून आला. दगड-मातीच्या भिंती आणि मातीची जाड माळवदे कोसळून त्याखाली हजारो लोक मृत्युमुखी पडले.

कवेलू : महाराष्ट्रात भाजलेल्या कौलांचा वापर सातवाहन काळापासून होता. नेवासे, तेर व कोल्हापूर (ब्रह्मपुरी) येथील उत्खननांत खिळ्यांसाठी छिद्रे असलेली सपाट कौले मिळाली आहेत. वऱ्हाडातील कवेलू मात्र अर्धनळीच्या आकाराचे असून ते गावचा कुंभार तयार करी. वानरांच्या उड्या, मांजरे व वादळी वारे यांमुळे कवेलू फुटत व सरकत. म्हणून दर उन्हाळ्याच्या अखेरीस शाकारणी करून फुटके काढीत व नवे बसवीत. अशा छपराचे वय सांगणे कठीण असते, कारण ते थोडेथोडे सतत बदलले जात असते. त्याचा खरा अंत कवेलू फुटल्याने होत नाही. आढे वाकल्याने किंवा वाशांना वाळवी लागल्याने होतो. उत्तम सागवान मात्र अनेक पिढ्या टिकते. जुना वाडा पाडल्यावर त्यातील तुळया व खांब नव्या घरासाठी वापरण्याची प्रथा यामुळेच पडली.

टिन व यंत्रनिर्मित कौले : १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार ब्रिटिशांकडे आला. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव चढले आणि १८६७ मध्ये मुंबईहून येणारा लोहमार्ग वऱ्हाडातून नागपूरपर्यंत पोहोचला. नालीदार लोखंडी पत्र्याचे एकस्व हेन्री पामर यांनी १८२९ मध्ये घेतले होते. पुढे पत्र्यांवर जस्ताचा मुलामा देण्याची पद्धत रूढ झाली. रेल्वेची गोदामे व सरकी काढण्याचे कारखाने यांवर आलेला हा पत्रा हळूहळू घरांवरही आला. बाझल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे सुरू केलेल्या कारखान्यामुळे एकमेकांत अडकणारी यंत्रनिर्मित कौलेही प्रचारात आली.

टिन हलके असते, वानरांमुळे फुटत नाही आणि त्याला शाकारणी लागत नाही. अंतर्भागातील कोरड्या हवेत जस्तलेपित पत्रा समुद्रकाठापेक्षा बराच अधिक, म्हणजे काही दशके टिकतो. गंज प्रथम खिळ्यांची भोके व पत्र्यांचे जोड येथे लागतो [⟶ गंजणे]. मात्र उन्हाळ्यात घर अतिशय तापते आणि नीट न बांधलेले पत्रे वादळात उडतात. ॲस्बेस्टस-सिमेंटच्या पत्र्यांना गंज लागत नाही. परंतु त्यांतील तंतू श्वासावाटे शरीरात गेल्यास कर्करोग होऊ शकतो. म्हणून असे पत्रे काढताना न फोडता व ओले करून उतरविणे आवश्यक असते.

स्लॅब : स्वातंत्र्योत्तर काळात सिमेंट व पोलादी सळया सुलभ झाल्याने प्रथम शहरांत व नंतर खेड्यांत स्लॅबची घरे वाढली. काँक्रीटच्या कामासाठी भारतीय मानक (आयएस ४५६) १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. इंदिरा आवास योजना (१९८५) व प्रधानमंत्री आवास योजना–ग्रामीण (२०१६) यांमुळे पक्क्या घराची कल्पना दुर्बल घटकांपर्यंत पोहोचली. १२ सेंमी. जाडीच्या स्लॅबचे वजन वर उल्लेखिलेल्या खोलीवर सु. ३·६ टन, म्हणजे धाब्याच्या मातीहून बरेच कमी भरते. तथापि मातीच्या जुन्या भिंतींवर स्लॅब टाकणे धोक्याचे असते. त्यासाठी पाया व भिंती नव्याने बांधाव्या लागतात.

चांगल्या कामाचा स्लॅब ५० वर्षे किंवा अधिक टिकतो. काँक्रीटमधील अल्कधर्मी गुणामुळे सळया सुरक्षित राहतात. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडमुळे हा गुण कालांतराने कमी होतो. क्लोराइडामुळे सळया त्याआधीच गंजू लागतात. गंजाचे घनफळ लोखंडापेक्षा अधिक असल्याने काँक्रीटचे आवरण फुटून पोपडे पडतात. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. सळयांच्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराइड दर लिटरमागे ५०० मिग्रॅ.पेक्षा अधिक असू नये, अशी मानकाची मर्यादा आहे. खाऱ्या विहिरीचे किंवा विंधनविहिरीचे पाणी ती ओलांडू शकते. मातीतील जो क्षार धाब्याला उपकारक ठरला, तोच पाण्यावाटे स्लॅबमध्ये गेल्यास त्याचे आयुष्य घटवितो.

बदलाची वेळ : छप्पर बदलण्यासाठी वर्षांची निश्चित मर्यादा घालता येत नाही. केवळ गळती हे दुरुस्तीचे लक्षण आहे. आधार देणाऱ्या भागाची हानी हे बदलाचे लक्षण होय. धाब्यात तुळईला बाक येणे, भिंतीत रोवलेले तिचे टोक कुजणे किंवा भिंत बाहेर फुगणे. कौलारू घरात आढे खचणे. पत्र्यात भोकांभोवती गंज पसरणे. स्लॅबमध्ये सळयांच्या रेषेत भेगा व तांबूस डाग पडणे, ठोकल्यावर पोकळ आवाज येणे आणि सळया उघड्या पडणे ही त्यांतील प्रमुख लक्षणे आहेत. उघड्या सळयांवर नुसता गिलावा केल्याने दोष झाकला जातो, दूर होत नाही.

धाबे व कवेलू यांना दरवर्षी हात लावावाच लागत असल्याने त्यांचे दोष घरमालकाच्या नजरेस येत. स्लॅबला वार्षिक शाकारणी नसते. त्यामुळे त्याची पाहणी मुद्दाम करावी लागते. ती करण्यास उन्हाळ्याचा शेवट व पहिल्या मोठ्या पावसानंतरचे दिवस हे सर्वांत योग्य होत. कुंभारांचा कवेलूचा व्यवसाय व धाबे घालण्याचे कौशल्य ही दोन्ही वऱ्हाडात झपाट्याने कमी झाली असून जी जुनी घरे उरली आहेत, त्यांची दुरुस्ती त्यामुळे उत्तरोत्तर कठीण होत आहे.