काळा डोळा आणि चार बोटांचे अंतर

निगडीच्या भक्ती-शक्ती चौकातून एका बाजूस निघाले की देहूरोडची छावणी लागते. जुन्या पुणे-मुंबई रस्त्याने उलट दिशेस गेले की काही मैलांवर खडकी. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांची फौज आणि इंग्रज जिथे समोरासमोर आले ती हीच खडकी, आणि १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला तोही इथेच. या पट्ट्याला बंदुकीचे नवल नाही. म्हणून आजचा धागा बंदुकीच्या एका दुर्लक्षित प्रश्नावर: नळीवर दुर्बीण बसवली, तर तिच्यापासून डोळा किती दूर असावा?

प्रश्न किरकोळ वाटेल. त्याचे उत्तर चुकल्यामुळे असंख्य भुवया फाटल्या आहेत.

या प्रश्नाचा एक पदर थेट आपल्या मुलखात सेवा केलेल्या एका सैनिकाशी जुळतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजा तीन होत्या: बंगाल, मद्रास आणि मुंबई. पेशवाई बुडाल्यावर दख्खन मुंबई लष्कराच्या ताब्यात आले आणि पुणे-खडकी हे त्याचे मोठे ठाणे झाले. याच मुंबई लष्करात डेव्हिडसन नावाचा एक स्कॉटिश अधिकारी होता, जो पुढे लेफ्टनंट कर्नल डेव्हिडसन म्हणून ओळखला गेला. हिंदुस्थानात तरुण अधिकारी असताना, म्हणजे १८३० च्या दशकापासूनच, तो रायफलीवर दुर्बीण लावून नेम धरत असे. सामान्य शिपायाच्या हाती तेव्हा गुळगुळीत नळीची मस्केट होती हे लक्षात घेतले, तर त्याची ही खटपट किती पुढची होती ते कळते. मायदेशी परतल्यावर त्याने १८६२ मध्ये आपल्या रचनेचे पेटंट घेतले.

डेव्हिडसनची दुर्बीण सुमारे चारपट मोठे दाखवी आणि ती बंदुकीच्या वर न बसता डाव्या कुशीला बसे. त्यामुळे नळीवरची माशी मोकळी राही आणि नेमबाजाला हवे तेव्हा साध्या डोळ्यानेही नेम धरता येई. ही दुर्बीण ज्या रायफलीवर प्रसिद्धीस आली ती जोसेफ व्हिटवर्थची. व्हिटवर्थ हा मूळचा यंत्रकार. स्क्रूच्या आट्यांना प्रमाण माप देणारा तोच, आणि चाकण-भोसरीच्या कारखान्यांत आजही जुन्या फिटरांच्या तोंडी 'व्हिटवर्थ आटे' हा शब्द ऐकू येतो. त्याने षट्कोनी नळीची रायफल बनवली. नळीचा व्यास .४५१ इंच, गोळी ५३० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३४ ग्रॅम. १८५७ च्या चाचण्यांत तिने अचूकतेत एनफील्डला मागे टाकले. हो, तीच एनफील्ड, जिच्या काडतुसांनी त्याच वर्षी उत्तर हिंदुस्थान पेटला. पण व्हिटवर्थ महाग होती आणि तिची नळी लवकर मळे, म्हणून ब्रिटिश लष्कराने ती सरसकट स्वीकारली नाही.

मग त्या रायफली गेल्या अमेरिकेत. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या राज्यांनी थोड्या व्हिटवर्थ मिळवून निवडक नेमबाजांना दिल्या. त्यांपैकी मोजक्यांवर डेव्हिडसनची दुर्बीण होती. जनरल सेजविक ९ मे १८६४ रोजी स्पॉट्सिल्व्हेनियाला दूरवरून आलेल्या गोळीने पडला आणि ती गोळी व्हिटवर्थची होती असे सहसा मानले जाते. ही कथा सगळेच सांगतात. मला त्याहून बोलकी वाटते ती त्या नेमबाजांच्या चेहऱ्याची हकिकत. लढाई संपली की दुर्बीणवाले नेमबाज त्यांच्या काळ्यानिळ्या डोळ्यांवरून ओळखू येत, अशी आठवण मागे राहिली आहे. दुर्बिणीचे टोक डोळ्याला टेकवल्याशिवाय नीट दिसत नसे, आणि चाप ओढताच तेच टोक डोळ्यावर आदळे.

असे का होई? गणित शाळेतलेच आहे. ३४ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेगाने पुढे जाते. रायफलीचे वजन साडेचार किलो धरले, तर केवळ गोळीच्या हिशेबाने ती सेकंदाला तीन मीटर वेगाने मागे येते. दारूच्या वायूंचा धक्का त्याहून वेगळा. खांदा दबतो, बंदूक दोन-तीन बोटे मागे सरकते. डोके मात्र त्या क्षणी जागच्या जागीच असते. दुर्बीण आणि डोळा यांत जागा नसेल, तर ती जागा भुवईच्या हाडाला करून द्यावी लागते.

दुर्बिणीच्या मागच्या भिंगातून बाहेर पडणारा प्रकाश काही अंतरावर एका लहानशा वर्तुळात एकवटतो. डोळ्याची बाहुली नेमकी तिथे असेल तरच पूर्ण चित्र दिसते. पुढेमागे झाली की कडेने काळी सावली शिरते. मागच्या भिंगापासून त्या वर्तुळापर्यंतच्या अंतराला नेमबाज 'आय रिलीफ' म्हणतात. नाव नेमके आहे, डोळ्याला मिळालेली सूट!

मग हे अंतर हवे तेवढे वाढवावे की. अडचण अशी की डोळा दूर नेला की दृश्य आक्रसते. खिडकीपासून मागे सरकत गेले की बाहेरचे अंगण कमी कमी दिसते, तसेच. मागचे भिंग ४० मिलिमीटर रुंद असेल, तर ७५ मिलिमीटरवरून ते डोळ्याशी साधारण ३० अंशांचा कोन करते, १०० मिलिमीटरवरून जेमतेम २३ अंशांचा. भिंग वाटेल तेवढे मोठेही करता येत नाही, कारण मग दुर्बीण उंच बसवावी लागते, गाल दस्त्यावरून सुटतो, आणि गाल सुटला की धक्का अधिकच लागतो. दीडशे वर्षांची सारी कारागिरी या ओढाताणीत खर्ची पडली आहे.

आपल्याकडच्या शिकाऱ्यांनी या भानगडीत पडणे टाळले. सह्याद्रीतला गवा हा वजनदार नर हजार किलोच्या घरात जाणारा प्राणी. त्याच्यासाठी एकोणिसाव्या शतकात 'आठ बोअर'सारख्या रायफली असत; एक पौंड शिशाच्या आठ गोळ्या पाडल्या तर एक जेवढी होईल तेवढ्या जाडीची नळी. धक्का भयंकर. पण दाट रानात गवा दिसे तोच पन्नास पावलांवर, आणि तिथे दुर्बिणीपेक्षा उघडी खाच आणि माशी बरी. खाच नळीवर पुढे असल्याने डोळ्याला लागण्याचा प्रश्नच नसे.

विसाव्या शतकात दुर्बीण स्वस्त, पक्की आणि सर्रास झाली, आणि .३७५ हॉलंड अँड हॉलंडसारख्या (१९१२) जबर काडतुसांच्या रायफलींवरही चढली. जुना काळा डोळा परत आला; आता त्याची खूण म्हणजे भुवईवरची चंद्रकोर. जर्मनांनी दुसऱ्या महायुद्धात झेडएफ-४१ ही दीडपट दुर्बीण थेट नळीवर, डोळ्यापासून वितीहून अधिक पुढे बसवून पाहिली. डोळा सुखरूप राहिला, पण त्या चिमुकल्या वर्तुळातून पाहणे शिपायांना आवडले नाही.

आज जगात जिथे कायद्याने मोठी शिकार चालते, तिथले जाणते लोक जबर धक्क्याच्या रायफलीसाठी किमान ९० ते १०० मिलिमीटर आय रिलीफ मागतात. चार बोटे आडवी धरा, वर थोडी जागा सोडा, तेवढे. जाहिरातीतला आकडा मात्र पारखून घ्यावा लागतो. पट कमी-जास्त करता येणाऱ्या दुर्बिणीत पट वाढवला की हे अंतर अनेकदा घटते, म्हणून सर्वांत मोठ्या पटावरचा आकडा विचारायचा. परीक्षा सोपी आहे: डोळे मिटून, रिकामी रायफल नेहमीच्या सवयीने खांद्याला लावायची आणि मग डोळे उघडायचे. मान पुढे न ताणता पूर्ण वर्तुळ दिसले पाहिजे. हीच परीक्षा पालथे पडून आणि चढावर नेम धरूनही करायची, कारण त्या दोन्ही स्थितींत चेहरा नकळत पुढे सरकतो. माझ्या मते अशा रायफलीवर पट कमीच बरा. प्रकाशाचे वर्तुळ मोठे मिळते आणि घाईत डोळा चटकन जागेवर येतो. आठ-दहा पटांचा हव्यास इथे दिखाऊ आहे.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा अध्याय मिटला. कोल्हापूरच्या छत्रपतींचे राखीव शिकारीचे रान असलेले दाजीपूर तर त्याआधीच, १९५८ मध्ये, गव्यांसाठी अभयारण्य झाले. आज ते राधानगरी अभयारण्य म्हणून ओळखले जाते.

त्याच राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले. गुण ४५१.४. (व्हिटवर्थच्या नळीचा आकडा आठवला ना? निव्वळ योगायोग.) त्याच्या प्रकारातली गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास आणि रायफल आठ किलोंपर्यंत जड असू शकते, म्हणून धक्का जवळजवळ शून्य. नियमांनुसार तिच्यावर दुर्बीण चालत नाही. असते ती बारीक छिद्राची चकती. आणि ती नेमबाज डोळ्याच्या अगदी जवळ, बिनधास्त धरतात.